आवाज नीट फाटला पाहिजे

कीर्तन सुरू होण्याआधीचा अर्धा तास महाराजांचा नसतो, साउंडवाल्याचा असतो. 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' करत तो मशीनपाशी बसतो आणि सतरंजीवर जागा धरून बसलेली चार जुनी मंडळी लांबूनच हातवारे करतात: फाटतोय, फाटतोय, कमी कर. आमच्या तेरला कानसेनांचा तुटवडा कधीच नव्हता. सप्ते आहेत, एकादशीची भजनं आहेत, चैत्रात गोरोबाकाकांची यात्रा आहे. आवाज स्वच्छ पाहिजे, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. त्यामुळे माझ्या पुतण्याने घरात इलेक्ट्रिक गिटार आणली आणि वर आवाज मुद्दाम फाडायचं पेडल कुरिअरने मागवलं, तेव्हा ते आईच्या गळी उतरवणं अवघड गेलं. "बिघडलेलाच पाहिजे होता, तर आपला जुना रेडिओ काय वाईट होता?" हा तिचा सवाल. त्याचं उत्तर घरात अजून कुणाला देता आलेलं नाही.

कुरिअरवरून आठवलं. पहिल्या शतकात कुण्या अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आमच्या गावाचा, म्हणजे तेव्हाच्या तगरचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठं नगर, आणि इथलं कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातं, असं तो लिहितो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आम्ही परदेशाला माल पाठवत होतो. आता परदेशातून आम्हाला खरखर येते. व्यापाराचं चक्र आहे, फिरणारच.

पण आईच्या सवालाला इतिहास थोडाफार उत्तर देतो. 1951 साली अमेरिकेत मेम्फिसला 'रॉकेट 88' या गाण्याचं रेकॉर्डिंग होतं. वाटेत गिटारचा अॅम्प्लिफायर दुखावला. सांगतात की, स्पीकरचा फाटलेला कागद जागेवर राहावा म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि तसंच वाजवलं. लोकांना तो घोगरा आवाज आवडला. मग 1958 साली लिंक रे नावाच्या गिटारवाल्याने आपल्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली, आणि 1964 मध्ये लंडनच्या 'किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिसने ब्लेड घेऊन स्पीकरचा कागदच चिरला. तोवर कंपन्याही जाग्या झाल्या होत्या. नॅशव्हिलच्या एका रेकॉर्डिंगमध्ये मिक्सरचं एक चॅनल बिघडलं, तो बिघाड पायाने चालू-बंद करायच्या डबीत भरून 1962 मध्ये 'फझ-टोन' नावाने बाजारात आला. आमच्याकडं स्पीकरचा कागद उंदीर फुकटात कुरतडतात. त्याची डबी करून विकावी, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

यामागचं गणित साधं आहे. अॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त मागितलं की लाटेचे शेंडे सपाट होतात, आणि त्या सपाटीतून मूळ सुराच्या वर नवे स्वर उभे राहतात. तार छेडल्यावर एरवी लगेच विरणारा सूर त्यामुळे लांबत जातो. किती सपाट करायचं, यातच सगळी कला. आणि नवशिका नेमका इथंच हावरट असतो. गेनचं, म्हणजे हे मागणं वाढवायचं बटण दिसलं की ते शेवटपर्यंत पिळायचं. खोलीत एकट्याने वाजवताना ते भारी वाटतं. रेकॉर्ड करून ऐकलं की बोटांची हालचाल, तारेवरचा आघात, सगळं एका सपाट घरघरीत बुडालेलं असतं. रेकॉर्डिंगसाठी गेन आपल्याला हवासा वाटतो त्यापेक्षा कमीच ठेवायचा. मग तेच वाजवणं दोनदा, वेगवेगळं रेकॉर्ड करून एक डाव्या कानाला आणि एक उजव्या कानाला द्यायचं. दोन्ही वेळा हात थोडा वेगळा पडतो, आणि त्या फरकातून आवाज भरदार होतो. कॉपी-पेस्ट करून हे जमत नाही. पुतण्याने करून पाहिलं. आवाज रुंद झाला नाही, नुसता मोठा झाला.

खोलीबाबत मात्र आम्ही नशीबवान. घर माळवदाचं. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया. नव्या स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवली की ती समोरासमोरच्या भिंतींत थडथडत राहते. मागच्या खोलीत टाळी वाजवली की तिथंच संपते. त्यातून कोपऱ्यात वाकळांचा ढीग. शहरातली पोरं भिंतीला चिकटवायला महागडा फोम आणतात म्हणे. पुतण्याने एकदा सुचवलं होतं की, तेरच्या जुन्या विटा सच्छिद्र असतात, पाण्यावर तरंगतात, त्या आवाज छान शोषतील. त्या विटा देवळांना आणि वस्तुसंग्रहालयाला लागतात, एवढं सांगून मी तो विषय तिथंच मिटवला. पुरातत्त्व खात्याला हे कोण समजावणार?

विजेचा त्रास निराळा. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तारेची वेटोळी असतात. ती तारेचं कंपन पकडतात, पण सोबत आजूबाजूच्या वायरिंगची गुणगुणही पकडतात. आपली वीज 50 हर्ट्‌झची, तिचे वरचे स्वर 100, 150. गिटारची सगळ्यांत जाड तार 82 हर्ट्‌झच्या आसपास. त्यामुळे 80 च्या खालचं कापून टाकलं तरी गुणगुणीची भावंडं वर शिल्लक राहतातच. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये यावर तोड काढली: दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडली, की दोघांनी पकडलेली गुणगुण एकमेकीला खाते. पुतण्याची गिटार एका वेटोळ्याची. शिवारात थ्री फेज आली, मोटारी सुरू झाल्या, की खोलीत गिटार आपोआप बोलायला लागते. उपाय दोन. एक, नीट अर्थिंग, ते आम्ही करून घेतलं. दुसरा, बसायची दिशा बदलणं. वेटोळं तिरकं झालं की गुणगुण घटते. आमच्या खोलीत ती दिशा नेमकी पूर्व निघाली. पूर्वेकडं तोंड करून पोरगा तासन्‌तास डोळे मिटून बसतो, हे पाहून शेजारच्या काकूंचं त्याच्याविषयीचं मत एकदम सुधारलं.

खरी गंमत माइकची. छोटा अॅम्प्लिफायर स्टुलावर ठेवलेला, समोर भजनी मंडळाकडून मागून आणलेला माइक. मोठ्या स्टुडिओतसुद्धा या कामाला फार महागडा माइक लागत नाही. 1965 साली आलेला शूर कंपनीचा एसएम 57 जगभर याच कामाला लावतात, आणि गाणाऱ्यांच्या हातातला एसएम 58 त्याचाच चुलत भाऊ. माइक जाळीला जवळजवळ टेकवायचा. स्पीकरच्या मध्यावर, जिथं गोल टोपी असते तिथं धरला तर आवाज टोकदार, कानाला बोचणारा. कडेकडं सरकवत नेला की मऊ, गडद. टोपी जिथं कागदाला मिळते, त्या काठावर बहुतेकांना आपला आवाज सापडतो. पण तिथं बोटभर सरकलं तरी फरक पडतो, अॅम्प्लिफायरची बटणं पिळून पडत नाही एवढा. पुतण्या पलीकडच्या खोलीत हेडफोन लावून, मी इथं गुडघ्यावर, हातात माइक, आणि उंबऱ्यात आई. तो ओरडणार, "काका, उजवीकडं जरा." मी सरकवणार. "लई झालं, परत." एक मांडी घालून वाजवत असताना ओरडतो, दुसऱ्याला गिटारच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून निरोप आईमार्फत. "काय बिघडलंय रे? लई वेळ झाला दुरुस्त करलालास," असं ती मला विचारते आणि मग आपल्या मताने सांगते, "तिथंच ठेव. आता भांडल्यासारखं वाटत नाही." आईचा कौल मी फिरवत नाही. काठापासून अर्ध्या बोटावर तिने थांबवलं, तीच जागा आम्ही खडूने खूण करून ठेवली.

रात्री अॅम्प्लिफायर लावता येत नाही. मग गिटार थेट कॉम्प्युटरला. गिटारच्या स्पीकरला साधारण 5000 हर्ट्‌झच्या वरचं फारसं काढता येत नाही, आणि ही त्याची मर्यादाच आवाज सुसह्य करते. स्पीकर मधून काढला की फाटलेला आवाज कानात खिळे ठोकतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये स्पीकर, पेटी आणि माइक या तिघांचा मिळून टिपलेला ठसा घालतात. असे ठसे, असे अॅम्प्लिफायर शेकड्याने मिळतात, प्रत्येकाचं झकपक चित्र आणि नाव दणदणीत. पुतण्या ऐकत कमी आणि बघत जास्त होता.

तेव्हा गोरोबाकाकांची कथा कामाला आली. तेरच्या पोराला ती सांगायला लागत नाही. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाई म्हणाली, काका, यातलं भाजलेलं मडकं कोणतं आणि कच्चं कोणतं, बघा. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत निघाले. बाकी सगळे गप्प राहिले, नामदेव रागावले, आणि काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. कुंभार रंग बघत नाही, ठोकून ऐकतो. मी पुतण्याला म्हटलं, मॉनिटर माझ्याकडं फिरव, तू पाठ करून बस. अट एकच, सगळे आवाज मोजून सारख्या पातळीवर आणायचे, कारण मोठा असेल तो आवाज कानाला आपोआप चांगला वाटतो. निम्मी पेडलं याच युक्तीवर विकली जातात, असा मला दाट संशय आहे. मग मी एकेक लावत गेलो. सगळ्यांत भारी नावाचा, ज्वाळांचं चित्र असलेला, कच्चा निघाला. पहिला आला एक साधा, कमी गेनचा, ज्याला नावसुद्धा धड नव्हतं. पुतण्याला राग आला. नामदेवांनाही आला होता.

पुढचा धडा बेंजोवाल्याने दिला. आमच्या भागात हा फाटका, चावरा आवाज रस्त्यावर गिटारने नाही, बेंजोने आणला. टाइपरायटरसारखी बटणं असलेली ती लाकडी पेटी, म्हणजे बुलबुलतरंग. तिचं मूळ जपानच्या नागोयात 1912 साली निघालेल्या ताइशोगोतोत. तिला पिकअप लावून, इको देऊन आपल्या लोकांनी गणपतीच्या मिरवणुकीत उतरवली. वरातीत वाजवणारा एक ओळखीचा बेंजोवाला घरी आला, पुतण्याचा आवाज एकटा ऐकून म्हणाला, "छान आहे, पण लई जाड. ताशा कुठं बसवशील?" त्याचं म्हणणं, बेंजो घरात पातळ आणि कर्कशच वाटला पाहिजे, तेव्हा तो रस्त्यावर ताशातून वर येतो. 'दम मारो दम'मधली भूपिंदरसिंगांची गिटार किंवा 'कर्ज'मधली गोरख शर्मांची धून आठवा: भोवती अख्खा वाद्यवृंद, आणि गिटारने आपल्यापुरतीच जागा घेतलेली. पुतण्याने मुकाट्याने खालचा भाग कापला. एकटा ऐकताना आवाज बिचारा वाटायला लागला, ढोलकीसोबत एकदम उभा राहिला.

आता यात्रेसाठी एक अभंग रेकॉर्ड करायचा घाट आहे. पखवाज, टाळ, वीणा, आणि मागं गिटार. परवा पहिलं मिक्स भजनी मंडळाला ऐकवलं. पखवाजवाले बुवा डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत बसले. मग म्हणाले, "गिटार चांगली बोलते बाळा. फक्त आमचं झाल्यावर बोलू दे तिला." पुतण्या पुन्हा पूर्वेकडं तोंड करून बसला आहे.