मार्क्स तासिका तत्त्वावर

समाजशास्त्राच्या पेपरात हमखास येणारा प्रश्न म्हणजे मार्क्सची परात्मता. गाइडात उत्तर तयार असतं. कामगार बनवलेल्या वस्तूपासून तुटतो, कामापासून तुटतो, स्वतःच्या माणूसपणापासून तुटतो आणि शेवटी सोबतच्या माणसांपासून तुटतो. एकेका तुटण्याला अडीच गुण. संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत रात्रपाळी करून डोळे चोळत परीक्षेला बसलेलं पोरगं हे सगळं घोकून आलेलं असतं. दहापैकी चार गुण पदरात पाडून घेतं आणि संध्याकाळी पुन्हा गेटवर हजर होतं. ज्या विषयात रोज आठ तास प्रात्यक्षिक करतो, त्याच विषयात काठावर पास.

पण आज त्या पोराबद्दल लिहायचं नाही. त्याला परात्मता शिकवणाऱ्या सरांबद्दल लिहायचं आहे.

सर नेट किंवा सेट झालेले, बहुतेकदा पीएच.डी.सुद्धा. नेमणूक तासिका तत्त्वावर. प्रवेश आटोपले की मुलाखत, परीक्षा जवळ आल्या की राम राम, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खुर्चीसाठी, त्याच माणसांसमोर, तीच फाइल घेऊन नव्याने मुलाखत. पैसे शिकवलेल्या तासाचे. महिन्याच्या शेवटी एक तक्ता भरायचा: तारीख, वर्ग, घटक, सही. दिवाळी आली, तास नाही. गॅदरिंग आलं, तास नाही. पुढाऱ्याने शहर बंद ठेवलं, तास नाही. म्हणजे बंदचा पगार पुढारी घेतो आणि कापला जातो सरांचा. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये ‘सर, जरा थांबता का, नॅकच्या फाइली लावायच्यात’ असं गोड आवाजात सांगितलं जातं. त्या थांबण्याचा रकाना तक्त्यात नसतो. बिल मग विभागातून प्राचार्यांकडे आणि तिथून वर जातं. वर गेलेली बिलं आणि वर गेलेली माणसं, दोघांनाही परत यायची घाई नसते.

गंमत अशी, की सर ज्या पुस्तकावर शिकवतात त्यात सरांचीच केस नोंदवून ठेवली आहे. ‘भांडवल’चा पहिला खंड 1867 मध्ये आला. त्यात वेळेप्रमाणे मिळणाऱ्या मजुरीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मार्क्सचं म्हणणं थोडक्यात असं: मजुरी तासावर ठरवली आणि पुरा दिवस काम देण्याचं बंधन मालकावर ठेवलं नाही, की मालकाला हवं तेवढंच काम काढून घेता येतं. त्या तासांत कामगाराचं पोट भरतं की नाही, हा मालकाचा प्रश्नच उरत नाही. 1860 मध्ये लंडनच्या बांधकाम कामगारांनी ही तासाची मजुरी आपल्यावर लादू नये म्हणून बंड केलं होतं, हेही त्याने तिथेच लिहून ठेवलं आहे. लंडनचे गवंडी जे ओळखून होते, ते आमच्याकडे पीएच.डी. झाल्यावरही ध्यानात येत नाही. खुद्द मार्क्स तरी कुठे परमनंट होता म्हणा! न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’साठी तो वर्षानुवर्षे लिहायचा, तेही लेखागणिक पैशांवर.

आमचे सर मात्र ‘कामगार’ हा शब्द उच्चारतात तेव्हा हात आपोआप खिडकीबाहेर, वाळूजच्या दिशेने जातो. कामगार तिकडे. आम्ही प्राध्यापक. मोर्चा काढला तरी फलकावर ‘पात्रताधारक’. परवा रांजणगाव शेणपुंजीच्या चहाच्या टपरीवर एका ट्रेनी पोराने आपल्या जुन्या सरांना सरळ विचारलं, ‘‘का सर, तुम्हाला बी ब्रेक भेटतो का?’’ सर म्हणाले, ‘‘नाही रे, आमचं वेगळं असतं.’’ काय वेगळं, ते सांगेपर्यंत चहा संपला.

या पोराचं गणित सोपं आहे. एका मालकाकडे वर्षभरात 240 दिवस भरले की कायद्याने सलग नोकरी धरली जायची आणि हक्क सांगता यायचा. म्हणून सहा-सात महिने झाले की ब्रेक. मग दुसरा ठेकेदार, नवा गेटपास, मशीन तेच. औरंगाबाद म्हणा की संभाजीनगर, गेटपासवर नाव ठेकेदाराचंच. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला आणि मराठवाड्यात ‘परमनंट’ हे स्थळाचं विशेषण झालं. मुलीचा बाप आधी तेच विचारायचा, रंगरूप नंतर. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. मुदतीच्या नोकरीवाल्यालाही वर्षभराने ग्रॅच्युइटी मिळेल, असं त्यांत आहे. चांगलं आहे. फक्त ठेकेदारांना अकरापर्यंत मोजता येतं.

इथे सभागृहातला विचारवंत माइक ओढून घेतो आणि म्हणतो, कामगाराला आपलं शोषण कळत नाही, तो भ्रमात आहे. मला हे कधी पटलं नाही. मायकेल बुरावॉय नावाचा समाजशास्त्रज्ञ 1970 च्या दशकात शिकागोजवळच्या इंजिनाच्या कारखान्यात मशीनवर उभा राहिला आणि 1979 मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं ते असं, की कोटा पूर्ण करण्याचा कामगार एक खेळ करून टाकतात. त्या खेळात डोकं आहे, ईर्षा आहे, मजासुद्धा आहे. पण खेळायला उतरलं की खेळाचे नियम कोणी ठरवले हे विचारायचं राहून जातं. भ्रमबिम काही नाही. बजाजनगरातल्या पत्र्याच्या खोलीत ‘या महिन्यात किती ओटी मारली’ अशा ओव्हरटाइमच्या गप्पा ऐका. कोणता ठेकेदार ओटी सिंगल रेटने देतो आणि कोणता कायद्याप्रमाणे डबल, हे त्या खोलीत सगळ्यांना तोंडपाठ असतं. शोषण समजावून सांगायला तिथे वक्ता बोलवायची गरज नाही. खोलीभाडं भरायला जी ओटी लागते, तिला नाही म्हणण्याची सोय तेवढी नाही.

या नाही म्हणण्यावर सरकारचाही विश्वास आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस 9 वरून 12 तासांपर्यंत आणि तिमाहीची ओटी 115 वरून 144 तासांपर्यंत नेण्याला मान्यता दिली. सोबत अट अशी, की कामगाराची लेखी संमती हवी. बुरावॉयच्या पुस्तकाचा विषयच संमती कशी तयार होते हा होता. आपल्याकडे ती छापील अर्जावर तयार होईल, खाली फुलीची जागा सोडून.

आणि तास मोजताना आपण धरून चालतो की पाळी संपली की माणूस घरी जातो. 31 डिसेंबर 2023 रोजी मध्यरात्रीनंतर वाळूजच्या एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. काम संपवून ते तिथेच झोपले होते. त्यांच्या त्या रात्रीचे किती तास कामाचे आणि किती घरचे, हे कोणत्या तक्त्यात बसवायचं?

या शहराला तर मार्क्सकडून उसनवारी करायचीही गरज नव्हती. आठवड्याचे 54 तास 48 वर आणणारी कारखाने कायद्यातली दुरुस्ती 1946 ची, आणि तेव्हा केंद्रात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. त्याआधी, फेब्रुवारी 1938 मध्ये, इथून रेल्वेने जवळच असलेल्या मनमाडला दलित रेल्वे कामगारांसमोर त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. मार्क्सला जे दिसलं नव्हतं ते हे, की मुंबईच्या गिरणीत विणकाम खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो म्हणून दलित कामगाराला तिथे घेतच नसत. पगार जास्त त्याच खात्यात. एकाच मालकाचे कामगार, पण एकमेकांचा धागा चालत नाही! आज खोली भाड्याने देताना घरमालक आधी आडनाव विचारतो आणि मग कंपनी. बाबासाहेबांच्या नावाच्या विद्यापीठात परात्मतेचं उत्तर लिहिताना मात्र लँकेशायरच्या गिरण्या पुरतात.

तर अभ्यास मंडळाला माझी एक फुकट सूचना. पुढच्या सत्राला हा प्रश्न घाला: ‘स्वतःची, वडिलांची किंवा विषय शिकवणाऱ्या सरांची पगाराची पावती जोडून वरकड मूल्य स्पष्ट करा. गुण 10.’ पोरं भराभरा लिहितील, पुरवण्या मागतील. अडचण तपासणीची येईल. पावती कशी असते ते पाहिलेला परीक्षक शोधावा लागेल, आणि पेपर तपासायचे पैसे त्यालाही पेपरागणिकच मिळतील, बिल वर जाऊन खाली आलं तर.