प्रबंध जपला, वही वाऱ्यावर

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. झाली की प्रबंधाची प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाते. यूजीसीने २००९ पासून ही सोय नियमातच बसवली. उत्तम केलं. आता पुढचा प्रश्न. त्या प्रबंधातला आलेख ज्या नोटबुकातून निघाला, ते नोटबुक कुठे आहे? नियम त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मग ते राहतं विद्यार्थ्याच्या खाजगी ईमेल खात्यात. पदवी मिळते, नोकरी लागते, पासवर्ड विसरतो आणि चार वर्षांचं काम कुलूपबंद होतं. विद्यापीठाच्या हाती उरते पीडीएफ.

हे नोटबुक म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगतो. कोड, आकडे, आलेख आणि संशोधकाची टिपणं एकाखाली एक असलेली चालती वही. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या आयपायथनमधून २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प उभा राहिला. गूगलने २०१७ मध्ये कोलॅब सर्वांना खुलं केलं आणि ही वही क्लाउडवर, साध्या ब्राउझरमध्ये उघडू लागली.

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरसारख्या गावाला याचं मोल पुण्यापेक्षा जास्त आहे. समजा, इथली एक विद्यार्थिनी आल्याच्या कंदकुजीवर काम करते. कोरेगाव तालुक्यात आलं म्हणजे घराचं वर्षाचं गणित. कंदकूज शिरली की ते कोलमडतं. तिला शोधायचंय, की कुठल्या पावसानंतर रोग उसळतो. हवामान खात्याकडे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मांडून ठेवलेला आहे. बाजारभाव अ‍ॅगमार्कनेटवर आहेत. रोगट पानांचे फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहेत. हे सगळं चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालवायला गेली तर यंत्र जागीच बसतं. क्लाउडवर तोच लॅपटॉप फक्त खिडकी असतो; आकडेमोड दूरच्या सर्व्हरवर होते. प्रयोगशाळेतल्या संगणकासाठी कोल्हापूरची खेप मारायला नको. ही ताकद खरी आहे आणि ती तिला मिळालीच पाहिजे.

पण फुकटच्या खात्यावर ही ताकद उधारीची आहे. कोलॅबचं मोफत सेशन जास्तीत जास्त १२ तासांचं, तेही यंत्र मोकळं असेल तर. मध्येच तुटलं की वही गूगल ड्राइव्हवर राहते. पण त्या तात्पुरत्या यंत्रावर साठवलेल्या फाइली पुसल्या जातात. लायब्ररी, म्हणजे कोडचे तयार संच, यांच्या आवृत्त्या तिकडे परस्पर बदलतात. मार्चमध्ये चाललेली वही ऑक्टोबरमध्ये चुका दाखवते, आणि मार्गदर्शक म्हणतात, ‘आधी चालत होतं ना?’ या प्रश्नावर तिच्याकडे उत्तर नसतं, कारण मार्चमध्ये कुठली आवृत्ती होती हे कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

ही अडचण एकट्या रहिमतपूरची नाही. ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून सुमारे १४ लाख नोटबुकं गोळा केली. त्यांतली चालवण्याजोगी निवडून चालवली, तेव्हा विनाचूक चालली ती २४ टक्के. मूळ उत्तर जसंच्या तसं पुन्हा मिळालं ते फक्त ४ टक्क्यांत. शंभरातल्या चार उत्तरांवर ज्ञान उभं राहत नाही.

आणि चूक सापडते कशी, तेही पाहा. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. देशोदेशीच्या सरकारांनी खर्चकपातीसाठी त्याचा आधार घेतला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला निबंधातलं उत्तर जुळेना. त्याने मूळ एक्सेल फाइल मागवली आणि लेखकांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले निघाले. फाइल मिळाली म्हणून एका विद्यार्थ्याला हे दाखवता आलं. नुसत्या छापील निबंधातून ते कधीच दिसलं नसतं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वही विद्यार्थ्याची असो, खातं विद्यापीठाचं हवं. प्रवेशाच्या दिवशीच प्रत्येक संशोधकाला संस्थेच्या लॉगिनवर नोटबुकाची जागा द्या. एका सर्व्हरवरून अनेकांना नोटबुक देणारं ज्युपिटरहब हे सॉफ्टवेअर मुक्त आहे, परवान्याचा पैसा लागत नाही. शंभरेक वापरकर्त्यांपर्यंत एका सर्व्हरवर चालणारी त्याची छोटी आवृत्तीसुद्धा तयार आहे. बर्कलीचं विद्यापीठ हजारो विद्यार्थ्यांचा डेटा सायन्सचा वर्ग ज्युपिटरहबवरच घेतं. सर्व्हर लागेल, सांभाळणारा माणूस लागेल. त्या माणसाला कायम पगार द्या. तासिका तत्त्वावर असली कामं टिकत नाहीत.

जागा दिली की शिस्तही द्या. मूळ आकडे वेगळ्या फोल्डरमध्ये, तिथे फक्त वाचायची मुभा. लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी वहीशेजारी. शेतकऱ्यांची नावं आणि फोन नंबर असलेली फाइल कुणाच्याही खाजगी ड्राइव्हवर नाही. भाड्याचं जीपीयू घेतलं तर खर्चाची मर्यादा आधी लावायची, नाहीतर रात्रभर चालू राहिलेल्या यंत्राचं बिल शिष्यवृत्ती गिळतं. आणि फुकट साठवण कायमची मानू नका. गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद साठवण बंद करून २०२२ मध्ये ती संस्थेमागे १०० टेराबाइटवर आणली. हा निर्णय आपल्या कुठल्याही अधिसभेत झाला नव्हता.

पैसा नाही, हे उत्तर मी मान्य करत नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया एआय मिशनसाठी १० हजार ३०० कोटींहून अधिक रकमेला मंजुरी दिली. सी-डॅकने १९९१ मध्ये पुण्यातच परम ८००० हा महासंगणक उभा केला. मोठी यंत्रं या राज्याला नवी नाहीत. कमतरता आहे ती त्या यंत्रापासून रहिमतपूरच्या टेबलापर्यंतच्या शेवटच्या जोडणीची. ती करून देणं विद्यापीठाचंच काम आहे.

सुरुवात तोंडी परीक्षेपासून करा. बाहेरून आलेल्या परीक्षकाने पहिली सूचना हीच द्यावी: वही उघडा, रिस्टार्ट करा आणि पहिल्या सेलपासून शेवटपर्यंत चालवून दाखवा. जे गणित कित्येक दिवस चालतं, त्याचा छोटा नमुना चालवा. प्रबंधातला आलेख पडद्यावर पुन्हा उमटला, तर अभिनंदन करा आणि वहीही प्रबंधाबरोबर जमा करून घ्या. नाही उमटला, तर पदवी थांबवा. आणि त्या विद्यार्थिनीला चार वर्षं वहीसाठी जागाच दिली नसेल, तर उत्तर तिच्याआधी विद्यापीठाने द्यावं.