धोंडेशास्त्री

माउंटन बाइकवाल्यांच्या प्रत्येक टोळक्यात एक धोंडेशास्त्री असतो. आमचा सांगलीचा. गाव सपाट, म्हणून दर रविवारी डोंगर मागायला साताऱ्याला येतो. कुणी चिडवलं तर उत्तर तयार: "1960 पर्यंत आमचा जिल्हा दक्षिण साताराच होता, भावा. डोंगरात आमचाही हिस्सा आहे."

यवतेश्वरच्या डोंगरात एका जांभ्याच्या धोंड्यावर मी सायकलीसकट आडवा झालो, तेव्हा मागून हाक आली, "हलू नकोस!" मला वाटलं, हाडबीड मोडलंय का ते बघणार. शास्त्री उकिडवा बसला आणि माती बघू लागला. "पुढचं चाक उचललंस, पण उशिरा. आणि बूड सीटला चिकटलेलं. मागच्या चाकानं वर यायचं कसं?" माझा गुडघा फुटला होता. रक्ताचे थेंब किती लांब उडालेत ते पाहून त्यानं माझा वेगही सांगितला.

त्याचं चुकत नाही, हेच दुःख. दोन्ही पॅडल एका पातळीत, कोपरं सैल, नजर धोंड्याच्या पलीकडे. अर्ध्या पॅडलचा दणका देत पुढचं चाक हलकं करून धोंड्यावर टेकवायचं, की लगेच अंग पुढे टाकून मागचं हलकं करायचं. संपलं. पण हे तो नाश्त्याला चाळीस मिनिटं सांगतो, आणि सुरुवात 1976 पासून, कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळायची तिथून. मग बशी म्हणजे चाक, काडेपेटी म्हणजे धोंडा. दहा सेंटिमीटरच्या धोंड्याला 26 इंची चाक साधारण 45 अंशांत भिडतं, 29 इंची त्याहून दोन-अडीच अंश कमी. तेवढ्यासाठी गड्यानं सायकल बदलली. बायकोनं किंमत विचारली, तेव्हा तीही त्यानं अंशांतच सांगितली.

सांगलीत सराव कशावर करायचा? शास्त्री गळीत हंगामाची वाट बघतो. ट्रॉलीतून पडलेला ऊस म्हणजे त्याच्या लेखी जंगलातला ओला ओंडका: काटकोनात घ्यायचा, वर असताना ब्रेकला बोट लावायचं नाही. एक कांडं चेंगरलं की दुसरं आडवं मांडतो. मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून थकतो. शेवटी तोच खाली उतरून ऊस नीट काटकोनात लावून देतो, लवकर सुटका व्हावी म्हणून.

तुम्हाला वाटेल, हा नुसता बोलघेवडा असेल. तसं नाही. प्रत्येक धोंड्यावर जातो, निम्म्यांवर पडतो. परवा माझ्याच धोंड्यावर उताणा झाला. आम्ही धावलो, तर पडल्या पडल्या हात वर करून म्हणाला, "कुणी हलवू नका मला. आधी टेप आणा."

टेप माझ्याच पिशवीत होती. धोंडा साडेअकरा सेंटिमीटर भरला.