नॅचरल आहे हो, काही होत नाही!

घरात कुणाची केमो सुरू झाली, की भेटायला येणारा प्रत्येक जण अर्धा वैद्य होऊनच येतो. कुणी गुळवेलीचा काढा आणतं, कुणी मिरीयुक्त हळदीच्या कॅप्सूल, कुणी ग्रीन टीचा अर्क. मिरीतलं पिपरीन औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमांना अडवू शकतं. ग्रीन टीतला घटक बोर्टेझोमिब हे कर्करोगाचं औषध निष्प्रभ करतो, हे २००९ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. गुळवेल घेऊन यकृत बिघडलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. पण ऑन्कोलॉजिस्टला विचारायचं कशाला? तो नुसता शिकलेला. आत्याबाईंच्या व्याह्यांना तर चक्क गुण आलाय! गुण येतो म्हणून द्यायचं आणि अपाय विचारला, की ‘ते काय औषध आहे?’ म्हणायचं. अशा पूरकांच्या डब्यावर अनेकदा ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. तेवढं वाचायला मात्र कुणालाच चष्मा सापडत नाही.