साडेआठ ते चारचे पाहुणे

प्रति,
मा. महापौर, व्हेनिस

विषय : प्रवेशशुल्काबद्दल आभार व एक नम्र सूचना

महोदय,

सर्वप्रथम आपले अभिनंदन. २५ एप्रिल २०२४ पासून आपण एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून ५ युरो घेऊ लागलात. पुढच्या वर्षी उशिरा नोंदणी करणाऱ्यांसाठी त्याचे १० झाले. ठरावीक दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात पैसे भरून क्यूआर कोड जवळ बाळगायचा. चारनंतर शहर फुकट. आमच्याकडे भाजीवालाही उरलेली मेथी संध्याकाळी अशीच काढून टाकतो, त्यामुळे हा व्यवहार आम्हाला लगेच समजला.

पण ५ युरोंना घाबरून कोणी पाठ फिरवेल, असे आपल्याला खरेच वाटले होते? व्हिसा, विमान आणि बस यांच्यावर लाखांनी रुपये ओतून आलेली मंडळी आम्ही. गर्दी काही हटली नाही. पहिल्या वर्षीच्या २९ दिवसांत सुमारे २४ लाख युरो मात्र जमले.

आमची तक्रार नाही. ट्रॉन्केट्टोच्या वाहनतळावर बस सोडली आणि मोटरबोटीने सान मार्कोजवळच्या धक्क्यावर उतरलो. एका गटात २५ पेक्षा जास्त माणसे नकोत, हा आपला नियम टूर मॅनेजरने तंतोतंत पाळला. त्याने बसचे दोन गट केले आणि दोन्ही एकाच छत्रीमागे चालवले. काचेच्या कारखान्यात कारागिराने तांबड्या गोळ्यातून चिमट्याने मान ओढली, आयाळ काढली, पाय फोडले आणि बघता बघता घोडा उभा केला. टाळ्या वाजल्या आणि समोरचे दार थेट दुकानात उघडले. गोंडोलाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो. आत बसलेल्या पाचही जणांनी मोबाइल समोर धरल्यामुळे व्हेनिस कोणीच पाहिले नाही, चित्रीकरण मात्र पाच बाजूंनी झाले. पायरीवर बसून खाल्ले तर दंड, म्हणून शिदोरीतले धपाटे चालता चालता संपवले. त्यातला एक समुद्रपक्ष्याने हातातून उचलून नेला. त्याला दंड झाल्याचे ऐकिवात नाही.

सान मार्को चर्चवरचे ब्राँझचे चार घोडेही पाहिले. १२०४ मध्ये आपल्या पूर्वजांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले, तेव्हा ते इकडे आणले. आज दर्शनी भागावर उभ्या आहेत त्या नकला, अस्सल आत संग्रहालयात. संत मार्कचे अवशेष ८२८ मध्ये अलेक्झांड्रियाहून डुकराच्या मांसाखाली लपवून आणले, असे आपलीच परंपरा सांगते. त्या शहरांना तेव्हा प्रवेशशुल्काची कल्पना सुचली नाही, हे त्यांचे दुर्दैव.

आपली आमची ओळखही जुनीच. आपली सोन्याची डुकाट नाणी व्यापारातून आमच्या किनाऱ्यावर आली आणि पुतळ्या होऊन मराठी बायकांच्या गळ्यातल्या माळेत जाऊन बसली. त्या नाण्यांवरचा, संत मार्कपुढे गुडघे टेकलेला आपला डोज, म्हणजे तेव्हाचा राज्यप्रमुख, आमच्या आज्या-पणज्यांनी सणासुदीला मिरवला. एवढ्या जुन्या सोयरिकीत ५ युरोंवरून रुसायचे कशाला?

रुसायचे कारण वेगळे आहे. रिआल्टो पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून एक आकडा झळकतो. जुन्या शहरात रहिवासी किती उरले, ते तो सांगतो. १९५१ मध्ये ते पावणेदोन लाखांच्या आसपास होते. २०२२ मध्ये ५० हजारांच्याही खाली आले. २०२३ मध्ये पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्याचे तिथल्याच नागरिकांनी मोजून दाखवले. शहर सोडून गेलेली माणसे आमच्या धपाट्यांच्या वासाने पळाली नाहीत. वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा चार रात्रींचा पाहुणा घरमालकाला जास्त परवडतो, म्हणून त्यांना जागा उरली नाही. आणि गंमत बघा, त्या फ्लॅटमध्ये उतरणाऱ्याला आपले शुल्क माफ! तो मुक्कामाचा वेगळा कर भरतो, मान्य. पण आम्ही फक्त गल्ली अडवतो, तो घर अडवतो. शुल्क गल्लीवाल्याला आणि सवलत घरवाल्याला, हा न्याय कोणत्या डोजच्या काळातला?

म्हणून सूचना एकच. ५ चे १५ युरो करा, आम्ही कुरकुरत का होईना, भरू. पण आधी पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या फ्लॅटांना मर्यादा घाला आणि जमलेला पैसा शाळेतल्या बाई, नळ दुरुस्त करणारा, दवाखान्यातली परिचारिका यांना परवडेल अशा भाड्याच्या घरांसाठी लावा. औषधाच्या दुकानातला आकडा एकाने जरी वाढला, तरी आमचे पैसे वसूल झाले असे समजू. तोवर आपण तिकीट विकता आहात, शहर वाचवत नाही आहात.

कळावे,
आपला,
एक क्यूआर कोडधारक