पक्कं समज!

"तुझं पक्कं समज," असं ट्रान्सपोर्टवाला ड्रायव्हरची नोकरी मागणाऱ्या पोराला फोनवर सांगतो, तेव्हा पक्कं एवढंच असतं की आज त्याच्याकडे ड्रायव्हर कमी आहेत. कल्याण आरटीओचं अवजड वाहनाचं लायसन्स, पोलिसांचा चारित्र्य दाखला, गाडी चालवून दाखवणं, हे सगळं या होकारानंतर. अंबरनाथ-बदलापूर एमआयडीसीतून घातक रसायनाचा टँकर न्यायचा, तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९ वा नियम आडवा येतो: वेगळं प्रशिक्षण घ्या, लायसन्सवर तशी नोंद करून आणा. पोरगं तेही करतं. मग हळूच शेवटची अट, अनुभव हवा. उल्हासनगरात जीन्सपासून फर्निचरपर्यंत काय वाट्टेल ते बनतं, पण नवशिक्याचा अनुभव अजून कुणी बनवलेला नाही. तोवर क्लीनर म्हणून चढ, मालक म्हणतात. त्याला कागद लागत नाहीत, आणि पगारही तसाच.