दात बघता न येणारी गाडी

आमच्याकडं नवी वस्तू माणूस एकटा जाऊन घेतो आणि जुनी वस्तू गाव घेतं. नव्या गाडीला कंपनीची गॅरंटी असते. जुन्या गाडीला त्या जागी चुलते, मेहुणे, शेजारी आणि शेजाऱ्याच्या ओळखीचा मेकॅनिक लागतो. त्यामुळं आठ वर्षांच्या लेकीसाठी जुनी एटीव्ही बघतोय, असं मी घरात हळूच म्हटलं, तेव्हा नांदेडच्या तरोडा नाक्यावरून ती बातमी लोह्याला पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही.

एटीव्ही म्हणजे ती फुगीर चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अलिबागजवळ नागावला गेलो होतो. मराठवाड्याचं लेकरू पहिल्यांदा समुद्र बघणार म्हणून मी मोबाइल सरसावून उभा. लेकीनं समुद्राकडं पाठ केली आणि किनाऱ्यावर भिरभिरणाऱ्या त्या गाड्यांकडं बोट दाखवलं. एक फेरी झाली. परत आल्यावर आजीनं विचारलं, "समुद्र कसा होता गं?" तर म्हणाली, "होता. गाडीच्या मागं होता."

मी अभ्यासाला लागलो. होंडानं 1970 साली अमेरिकेत तीन फुगीर चाकांची असली पहिली गाडी विकायला काढली, पुढच्याच वर्षी ती जेम्स बाँडच्या सिनेमात चमकली, 1982 साली सुझुकीनं चार चाकांची आणली, हे सगळं मी रात्री जेवताना सांगितलं. बायकोनं शांतपणे भाकरी वाढली आणि स्वतःचा अभ्यास सांगितला. त्या तीन चाकी इतक्या उलटल्या, की 1988 साली अमेरिकेत सरकारनं कंपन्यांना नव्या तीन चाकी विकणं बंद करायला लावलं. शिवाय तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना ही गाडी देऊच नका. माझ्या अभ्यासात बाँडपर्यंत आलो होतो, बालरोगतज्ज्ञ यायचे होते.

मग मेहुणे आले. ते नांदेडच्या कोर्टात वकिली करतात आणि फुकटचा सल्ला उभ्यानं देत नाहीत, जेवून देतात. त्यांनी 1988 चा मोटार वाहन कायदा काढला. अठराच्या आत सार्वजनिक जागी गाडी चालवायची नाही. पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीला तेवढी सोळाव्या वर्षापासून मुभा. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. लेकीनं लगेच विचारलं, "म्हणजे मी चालवायची आणि बाबांनी आत जायचं?" तिला ही व्यवस्था एकंदरीत पसंत पडलेली दिसली.

"मात्र एक फट आहे," मेहुणे बोटं चाटत म्हणाले. "चारपेक्षा कमी चाकं आणि पंचवीस सीसीच्या आतलं इंजिन असेल, तर कायद्याच्या लेखी ती मोटारच नाही. तुमच्या गाडीचं एक चाक काढलं आणि इंजिन बारकं केलं..."

"तीन चाकांचं काय झालं ते आत्ताच सांगितलं मी," बायको म्हणाली आणि भाताचं पातेलं आत घेऊन गेली.

शेवटी ठरलं, की गाडी रस्त्यावर येणारच नाही. लोह्याच्या पुढं आमचं शेत आहे, तिथं बांधाच्या आत चालेल. शेत म्हटलं की तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलते. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात त्यांची हयात गेली. लाल कंधारी असो का देवणी, जनावर चार पावलं चाललं की ते त्याचं वय, खोड आणि मालकाची अडचण सांगतात. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, असं त्यांचं मत आहे.

गाडी मिळाली लातूरला. आता लातूरमध्ये अशी गाडी विकायला का निघते, हे अभ्यासाचा लातूर पॅटर्न माहीत असलेल्याला सांगायला नको. लेकरू आठवीत गेलं की घरातून आधी सायकल जाते, मग कॅरम, मग कुत्रं. त्यांच्या जागी फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी येतात. "पोराला आता वेळ नाही हो, फाउंडेशनला टाकलंय," विकणारे गृहस्थ फोनवर म्हणाले. तात्यांनी माझ्याकडून फोनवरचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालकाला घाई हाय. चल."

नांदेडहून लातूरला जाताना लोहा ओलांडलं की माळेगाव लागतं. मार्गशीर्षातली अवस जवळ आलेली, खंडोबाची यात्रा भरत आलेली. ज्यानं त्या दिवसांत हा रस्ता धरलाय त्याला पुढचं सांगायला नको. घोडे, उंट, गाढवं, कुत्री, बैल, तमाशाचे तंबू आणि या सगळ्यांतून वाट काढणारी एसटी. तात्या म्हणाले, "पाच मिनिटं टेकू." ते उतरले, लेक उतरली, आणि दोघं घोड्यांच्या दावणीत दिसेनासे झाले. मी गाडीत बसून एटीव्ही घेताना काय बघावं याचा व्हिडिओ बघत राहिलो. ते परतले तेव्हा लेकीला घोड्याचा देवमण कुठं असतो आणि कुठला भोवरा वाईट, हे पाठ झालं होतं. माझा व्हिडिओ अजून जाहिरातीवरच होता.

लातूरला औसा रोडच्या बाजूला त्या गृहस्थांचा बंगला. पोर्चमध्ये लाल रंगाची, एकशे दहा सीसीची चिनी बनावटीची एटीव्ही धुऊन-पुसून उभी. पुसलेली वस्तू बघितली की तात्यांचा संशय वाढतो. बाजारात बैलाची शिंगं जरा जास्तच तेलकट असली, तरी ते पुढं सरकतात.

त्यांनी गाडीला एक फेरी मारली. मग समोर उकिडवे बसले. "दात कुठं बघायचे हिचे?"

अडचण खरी होती. गोऱ्हा अदत आहे, दोनदाती आहे, चौसा आहे का जुळलेला, हे तोंड उघडलं की कळतं. या गाडीला ना नंबर, ना आरसी, ना पासिंगचं वर्ष. "कागद काय हायत?" तात्यांनी विचारलं. गृहस्थ म्हणाले, "या गाडीला कागद नसतातच, काका." तात्या माझ्याकडं वळले. "आरं, बैलाला बाजार समितीची पावती असती. आता तर कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्लाबी असतो. आन् हिला काहीच नाही? चोरली तर सांगायचं काय, लाल होती?"

मी माझी यादी काढली. तात्यांना यादीची गरज नव्हती. त्यांनी हँडलला धरून पुढचा भाग उचलला आणि चाक दोन्ही हातांनी हलवून बघितलं. खडखड आलं. "गुडघे गेलेत," ते म्हणाले. यादीत त्याला टाय रॉड आणि बॉल जॉइंट असं लिहिलं होतं. ऑइलची कांडी काढून हुंगली. मागं गेले, वाकून बघितलं आणि एकदम खूश होऊन मला हाक मारली.

"हे बघ. दोन्ही चाकं एकाच आखाला गच्च बांधलीत. बैलगाडीत आख जागेवर ऱ्हातो, चाकं आपापली फिरत्यात, म्हणून वळणाला गाडी अडत नाही. हितं एक चाक जेवढं फिरणार, तेवढंच दुसरं. वळायचं कसं लेकरानं?"

मी बघत राहिलो. जाहिरात संपल्यावर व्हिडिओवाल्यानं नेमकी हीच गोष्ट डिफरन्शियल, सॉलिड ॲक्सल वगैरे शब्दांत सांगितली होती आणि मला कळली नव्हती. लहान एटीव्हीला मागं डिफरन्शियल नसतं. वळताना अंग आतल्या बाजूला टाकावं लागतं, नाहीतर ती सरळ जायचा हट्ट धरते. पोरं पडतात त्याचं हे एक कारण. म्हणजे चाक चिनी कारखान्यापर्यंत पोचलं, पण वळणाच्या बाबतीत आमची बैलगाडी अजून पुढं आहे.

"किती वापरलीय?" मी विचारलं.

"कुठली हो! ह्या अंगणात दोन-चार फेऱ्या. घरचीच आहे."

तात्यांनी सीट काढायला लावलं. सीटखाली हवेच्या फिल्टरचा डबा. तो उघडला आणि तळाशी साचलेली वाळू त्यांनी तळहातावर घेतली. गृहस्थ चपापले. "आमच्या बांधकामाची असेल. गोदावरीची."

लातूरकरानं नांदेडकराला गोदावरीची वाळू ओळखायला शिकवावी, हे जरा जास्तच झालं. आमच्याकडं वाळूवरून निवडणुका लढल्या जातात. तात्या काही बोलले नाहीत. त्यांनी चिमूटभर वाळू उचलली आणि जिभेवर ठेवली. पोर्चमध्ये सगळे थांबले.

"खारट हाय," तात्या थुंकून म्हणाले. "समिंदर बघून आलीय ही. आमच्या पोरीसारखी."

मग बाकीचंही दिसायला लागलं. नट-बोल्टांच्या घड्यांत गंज, चेसिसच्या खालच्या अंगाला खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला रंग. कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवून थकलेली गाडी त्या गृहस्थांनी स्वतःच जुनी घेतली होती आणि त्यांना ती 'घरचीच' म्हणून विकली गेली होती. हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं, कारण ते आमच्यापेक्षा जास्त दुखावलेले दिसत होते. बिचाऱ्यांकडं तात्या नव्हते.

मला वाटलं, आता परत फिरायचं. पण तात्यांना माल कळला होता. गंज वरवरचा, इंजिन थंड असताना एका बटणात सुरू झालेलं, गुडघे बदलता येतात. त्यांनी उपरणं काढलं, गृहस्थांचा उजवा हात हातात घेतला आणि वरून उपरणं टाकलं.

गृहस्थ सरकारी नोकरीत वरच्या पदावर होते. एका अनोळखी म्हाताऱ्यानं कपड्याखाली आपली बोटं का दाबावीत, हे त्यांना कळेना. बैलबाजारात भाव असाच ठरतो. तोंडानं बोललं की चार लोक ऐकतात, म्हणून रुमालाखाली बोटं बोलतात. तात्यांनी काही बोटं दाबली. गृहस्थांनी घाबरून, सुटका करून घेण्यासाठी, उलट त्यांची बोटं आवळली.

"झाला सवदा!" तात्या गरजले. "तीस!"

"अहो, पंचेचाळीस म्हणालो होतो मी..."

"आत्ता तीन बोटं धरली तुम्ही. शब्द तोंडाचा फिरतो, बोटाचा नाही."

आतून त्यांच्या मिसेस पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळा प्रकार पाहिला होता. "द्या हो देऊन," त्या म्हणाल्या, "क्लासचा हप्ता भरायचाच आहे." मी तिथंच इसार दिला. तात्यांना मालकाची घाई आधीच कळली होती, मालकिणीची तेवढी नव्यानं कळली.

छोट्या हत्ती टेम्पोत गाडी घालून आणली. शेतावर न्यायच्या आधी हवा भरायला म्हणून नांदेडला पंक्चरच्या दुकानात थांबलो. या टायरांत पाच पौंडांच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी हवा लागते. टायर मऊ राहिला तरच तो माती धरतो. मी हे सांगेपर्यंत त्या उत्साही पोरानं सगळ्यांत तीस-तीस भरून टाकली होती, मोटारसायकलच्या हिशोबानं. गाडी चार बोटं उंच झाली आणि नुसती ढकलली तरी उड्या मारायला लागली. "पाचवर चालतीय? म्हंजे पंक्चरच हाय की कायमची," तो म्हणाला आणि हवा सोडायचे पैसे मात्र त्यानं घेतले नाहीत.

येळवसीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या त्याच अवसेला, सगळं गणगोत शेतात. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, माठातलं आंबील. पूजा झाली, जेवणं झाली आणि गाडी निघाली. बायकोच्या अटी आधीच ठरल्या होत्या. हेल्मेट, हातमोजे, बूट. मागं कुणी बसायचं नाही. आणि ती लाल दोरी मनगटाला बांधल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. ही दोरी मला फार आवडली. पोर पडलं की दोरी निघते आणि इंजिन बंद. असली सोय शाळेच्या पालक सभेत का नसते, असं मला नेहमी वाटतं.

वेगाची कळ अंगठ्याशी असते आणि तिच्याजवळ एक छोटा स्क्रू. तो आत फिरवला की कळ पूर्ण दबत नाही, गाडी रांगते. बायकोनं तो इतका आत फिरवला, की लेकीच्या शेजारून आमची चुलत आजी काठी टेकत पुढं निघून गेली. लेकीनं तक्रार केली नाही. वळताना अंग आत टाकायचं, हे तिनं तात्यांकडून शिकून घेतलं आणि हरभऱ्याच्या कडेनं गोल गोल फिरत राहिली. गोठ्यातल्या बैलानं एकदा मान वर केली आणि परत कडब्यात घातली.

दुसऱ्या रविवारी गेलो तर गाडी पळायला लागलेली. बायकोनं स्क्रू बघितला, दोन आटे बाहेर आलेला. तिनं तो परत आवळला. त्याच्या पुढच्या रविवारी परत बाहेर. शेतात राहणारं घरचं माणूस एकच, पण विचारायचं कुणी? एवढं मात्र खरं, की गड्याच्या म्हणण्यानुसार सकाळी दारं धरायला मोटर चालू करायच्या आधी दुसरंच काहीतरी चालू झाल्याचा आवाज येतो, आणि हल्ली तात्या पाण्याची पाळी बघायला चालत जात नाहीत.

बायकोनं लाल दोरी काढून नांदेडला आणली. तिसऱ्या दिवशी तात्यांचा फोन. मला नाही, तिला. आधी पावसाचं, मग हळदीच्या भावाचं बोलणं झालं.

"सूनबाई, ती दोरी तेवढी लावून दे कुणाजवळ."

"तात्या, हेल्मेट घालणार असाल तर देते."

"घालून बघितलं की. पोरीचं हाय, कानापर्यंतबी येत नाही. आन् टोपी काढून मी काही बसणार नाही, आधीच सांगतो."

मी उद्या वजिराबादच्या बाजारात चाललोय. टोपीवरून बसेल असं हेल्मेट कुठल्या नंबराचं येतं, ते तिथं विचारायचंय.